पराभूतांशिवाय इतिहास नाही : भारतीय महिला खो-खो संघ, मराठवाडा आणि १७५ गुणांचा प्रश्न

१४ जानेवारी २०२५, नवी दिल्ली, इंदिरा गांधी इनडोअर स्टेडियम. पहिल्या खो-खो विश्वचषकात भारतीय महिला संघाचा पहिलाच सामना दक्षिण कोरियाशी झाला आणि तो १७५-१८ असा संपला. त्यानंतर इराण, मलेशिया, बांगलादेश आणि उपांत्य फेरीत दक्षिण आफ्रिका. १९ जानेवारीला अंतिम सामन्यात नेपाळचा ७८-४० असा पराभव करून भारताने चषक उचलला. त्याच दिवशी पुरुष संघानेही नेपाळलाच ५४-३६ असे हरवले.

समाजमाध्यमांवर सर्वाधिक फिरला तो १७५ हा आकडा. या धाग्याचा दावा असा की इतिहासाच्या दृष्टीने तो त्या स्पर्धेतला सर्वांत कमी महत्त्वाचा आकडा आहे. जपून ठेवावा असा आकडा आहे ४०, म्हणजे नेपाळच्या मुलींनी अंतिम सामन्यात मिळवलेले गुण. हे विजयाला उणे लेखणे नव्हे. राष्ट्रीय संघाचा इतिहास कशाने घडतो, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर शोधताना वाट पुणे, बडोदा, कोल्हापूर, धाराशिव अशी वळणे घेत थेट नांदेड जिल्ह्यातल्या लोह्यापर्यंत येते.

आधी एक परकी तुलना. नेटबॉल हा इंग्लंडमध्ये १८९०च्या दशकात स्त्रियांच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयातून घडलेला खेळ. मार्टिना बर्गमन-ओस्टरबर्ग यांच्या संस्थेत अमेरिकेतून आलेल्या बास्केटबॉलला मुरड घातली गेली, १९०१ मध्ये नियम छापले गेले, आणि तिथून बाहेर पडलेल्या शिक्षिकांनी तो साम्राज्याच्या शाळाशाळांतून नेला. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जमैका, सिलोन. प्रत्येक ठिकाणी नियम थोडे वेगळे होते. ते एकत्र आणण्याची आंतरराष्ट्रीय बैठक १९६० मध्ये श्रीलंकेत झाली आणि १९६३ मध्ये ईस्टबोर्न येथे ११ देशांची पहिली जागतिक स्पर्धा भरली.

त्या स्पर्धेत यजमान आणि जन्मदाते इंग्लंड जिंकले नाही, ऑस्ट्रेलिया जिंकला. १९७९ मध्ये तर ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि त्रिनिदाद-टोबॅगो अशा तिघांना विजेतेपद वाटून द्यावे लागले. इंग्लंडला राष्ट्रकुल स्पर्धेचे सुवर्णपदक मिळाले ते थेट २०१८ मध्ये, ऑस्ट्रेलियावर ५२-५१ अशा एका गुणाने. जन्मदात्या देशाने पंचावन्न वर्षे पराभव पचवले, म्हणून त्या एका गुणाला अर्थ आला. (भारताचाही नेटबॉल संघ आहे. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत प्राची तेहलान हिच्या नेतृत्वाखाली तो यजमान म्हणून उतरला आणि पदकाच्या आसपासही पोहोचला नाही. पण त्याची कथा या धाग्याची नाही.)

खो-खोची वाट नेमकी उलट आहे. हा खेळ साम्राज्याच्या जहाजात चढला नाही. तो अंगणात, मंदिरासमोरच्या मोकळ्या जागेत आणि शाळेच्या पटांगणात राहिला. त्याला नियमांची चौकट मिळाली ती पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात, १९१४ च्या सुमारास. १९२४ मध्ये बडोद्याहून नियमांची छापील पुस्तिका निघाली. दोन खांब, त्यांच्यामधल्या पाटीवर एकाआड एक तोंड फिरवून बसलेले आठ गडी, नववा धावणारा. समोर तिघातिघांच्या तुकडीने येणारे संरक्षक. धावणाऱ्याला मध्यरेषा ओलांडता येत नाही, दिशा बदलता येत नाही. पळणाऱ्याला मात्र दोन्ही मोकळीक. ही विषमता हाच खेळाचा प्राण. बसलेल्याच्या पाठीवर ‘खो’ देऊन आपली जागा त्याला देणे म्हणजे पाठलागाची सूत्रे दुसऱ्याच्या हाती सोपवणे. एकट्याने जिंकता येत नाही, अशी रचनाच केलेली आहे.

पुणे आणि बडोदा ही दोन नावे ध्यानात ठेवावीत, कारण याच काळात मराठी भाषकांचा एक मोठा प्रदेश या नकाशाबाहेर होता. नांदेड, बीड, उस्मानाबाद, परभणी, औरंगाबाद हे जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तिथे राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू. खासगी शाळा काढायची तर परवानगी. आखाडा चालवायचा तरी परवानगी. चार तरुण एकत्र येऊन शरीर कमावतात, ही गोष्ट त्या राज्याला राजकीय वाटत होती, आणि ती भीती अगदीच निराधार होती असेही नाही. अंबाजोगाई आणि हिप्परगा येथील राष्ट्रीय वृत्तीच्या शाळांतूनच पुढे मुक्तिसंग्रामाचे कार्यकर्ते निघाले. पुण्यात जिमखाने नियम लिहीत होते तेव्हा मराठवाड्यात मैदानाचीच परवानगी मागावी लागत होती. मुलींच्या संघांची गोष्ट तर त्याहून लांबची.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. पुढच्या घटनेची तारीख योगायोगाची असली तरी बोलकी आहे. खो-खोची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्यात झाली, ती पुरुषांची. महिलांची पहिली स्पर्धा १९६०-६१ मध्ये कोल्हापुरात झाली. महाराष्ट्र राज्याचे ते पहिलेच वर्ष.

त्यानंतरच्या तीन दशकांत थोर खेळाडू झाल्या. अचला देवरे यांना १९७१ चा, उषा नगरकर यांना १९७५ चा, सुरेखा कुलकर्णी यांना १९८५ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. पण एक विसंगती इथे लक्षात घ्यावी लागते. पहिली आशियाई खो-खो स्पर्धा कोलकात्यात भरली ती १९९६ मध्ये. म्हणजे देशाने ज्यांना सर्वोच्च क्रीडासन्मान दिला, त्या स्त्रियांना देशाच्या नावाने जिंकावी अशी स्पर्धाच त्यांच्या उमेदीच्या वर्षांत नव्हती. त्यांच्या कर्तृत्वाची मोजणी राष्ट्रीय स्पर्धेतल्या संरक्षणाच्या मिनिटांत होते. कोणी अडीच मिनिटे पळाली, कोणी तीन. नऊ मिनिटांच्या पाळीत एकटीने तीन मिनिटे काढणे म्हणजे काय, हे ज्याने पाटीवर बसून पाहिले आहे त्यालाच कळेल. राष्ट्रीय संघाचा इतिहास विश्वचषकापासून सुरू करणारे लेख या तीन दशकांना एका वाक्यात गुंडाळतात. तो अन्याय आहे.

१९९८ मध्ये शोभा नारायण यांना अर्जुन मिळाला आणि त्यानंतर खो-खोसाठी हा पुरस्कार बावीस वर्षे कोणालाच मिळाला नाही. बावीस वर्षे! दरम्यान २०१६ मध्ये गुवाहाटी-शिलाँगच्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धांत खो-खोचा प्रथमच समावेश झाला आणि भारताने महिला व पुरुष दोन्ही गटांत सुवर्णपदक जिंकले. त्या महिला संघाची कर्णधार होती उस्मानाबादची सारिका काळे. २०२० मध्ये बावीस वर्षांचा खंड मोडणारा अर्जुन पुरस्कारही तिचाच.

सारिकाच्या घरची परिस्थिती तिने स्वतः मुलाखतींतून सांगितलेली आहे. वडिलांना काम जमत नव्हते, आई शिवणकाम करून हातभार लावी, आजी-आजोबांच्या कमाईवर घर चाले, आणि जवळजवळ दहा वर्षे दिवसातून एकदाच पोटभर जेवण मिळे. वृत्तपत्रांनी ही हकिकत ‘जिद्दीची कहाणी’ म्हणून छापली. तसे म्हणणे चुकीचे नाही, पण अपुरे आहे. जिद्द एकट्या मुलीची असते. मैदान, प्रशिक्षक, स्पर्धा आणि प्रवासभाडे यांची व्यवस्था समाजाची असते. उस्मानाबादेत ती व्यवस्था चंद्रजित जाधव यांच्यासारख्या संघटक-प्रशिक्षकांनी वर्षानुवर्षे खपून उभी केली होती. म्हणूनच सारिका एकटी राहिली नाही. २०२५ च्या विश्वविजेत्या संघातली अश्विनी शिंदे हीदेखील धाराशिवचीच. ज्या जिल्ह्यात स्वातंत्र्यापूर्वी आखाड्याला परवानगी लागत होती, त्या जिल्ह्याने दोन पिढ्यांत भारताला मुलींचे खो-खो पुरवले. आणि सारिका पुढे काय झाली? तुळजापूरची तालुका क्रीडा अधिकारी. शासकीय नोकऱ्यांतील खेळाडूंसाठीच्या पाच टक्के आरक्षणाने या भागातल्या घरांमध्ये जो फरक पाडला आहे, तो पदकांच्या यादीत दिसत नाही. मुलीला सायंकाळी मैदानावर पाठवायचे की नाही, या घरातल्या वादात मात्र दिसतो.

विश्वचषकातील कर्णधार प्रियांका इंगळे हिच्याबाबत मात्र मराठवाड्याने थोडा संयम पाळावा. तिचे मूळ गाव बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात, हे खरे. पण तिचा खेळ घडला पुण्याच्या परिसरात. ‘आमची लेक’ म्हणताना हाही प्रश्न विचारायला हवा की लेकीच्या घराण्याला गाव का सोडावे लागले आणि गावात राहिली असती तर ती कर्णधार झाली असती काय. केज ते पुणे हा ऊसतोडीचा, मजुरीचा, नोकरीचा जुना रस्ता आहे. मराठवाड्याच्या कित्येक गुणांचे श्रेय या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला जमा होते.

आता लोहा.

नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव. पूर्वी तो कंधार तालुक्याचाच भाग. कंधार म्हटले की राष्ट्रकूटकालीन किल्ला आठवतो, आणि भाई केशवराव धोंडगे यांची श्री शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटीही. संस्थेच्या नावातला ‘मोफत’ हा शब्द या भागाच्या शिक्षणाचा निम्मा इतिहास सांगून जातो. खेळाच्या बाजूने पाहिले तर लोहा तालुक्याची ओळख वेगळीच आहे. माळेगावच्या खंडोबाची यात्रा. मार्गशीर्षात भरणारी ही दक्षिणेतली मोठी जत्रा: घोडे, उंट, गाढवे, तमाशाचे फड, आणि कुस्त्यांचा फड. मल्लांना बक्षिसे, फेटे, हलगी, गुलाल.

पुरुषाच्या शरीराला पारितोषिक देणारी व्यवस्था अशी शतकानुशतकांची आहे. तिला गावाची वर्गणी आहे, देवाचे अधिष्ठान आहे, आठवणी सांगणारे म्हातारे आहेत. कोणत्या साली कोणी कोणाला चितपट केले, हे पाराच्या ओट्यावर अजून सांगितले जाते. मुलींच्या खेळाला यातले काहीच नव्हते. तिच्या वाट्याला आले ते शाळेचे पटांगण आणि शालेय क्रीडा स्पर्धा. म्हणून मराठवाड्यातील स्त्रियांच्या खेळाचा इतिहास जत्रेत सापडणार नाही. तो शाळेच्या कपाटात सापडेल.

पटांगणाचेही एक भौतिक वास्तव आहे, जे दिल्लीच्या मॅटवरून दिसत नाही. लोहा-कंधार पट्ट्यात खाली काळी माती, वर बालाघाटच्या माळावर मुरूम. काळ्या मातीवर पाऊस पडला की पाय रुतून चिखल होतो आणि उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात. खो-खोत सूर मारावा लागतो, खांबाभोवती गिरकी घ्यावी लागते. भेगाळलेल्या जमिनीवर हे करणे म्हणजे घोट्याशी वैर. चांगल्या मैदानासाठी मुरूम आणून, दाबून, पाणी मारून, पुन्हा दाबावे लागते. आणि शालेय स्पर्धांचा हंगाम येतो पावसाळ्यातच. ज्या शाळेच्या मैदानावर चार ट्रॅक्टर मुरूम पडला, त्या शाळेचा संघ सराव करून उतरतो. बाकीच्या वर्गाच्या ओसरीत ‘खो’ देण्याचा सराव करतात. क्रीडा इतिहासात मुरुमाला स्थान दिले जात नाही, द्यायला हवे.

आता स्पर्धेची उतरंड पाहू. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. लोहा तालुक्यात जिंकलेला संघ नांदेडला जिल्हास्तरावर खेळतो. तिथे जिंकलाच, तर लातूर विभागात जातो, आणि विभागात वाट अडवून कोण उभे असते? धाराशिव. सारिका काळे आणि अश्विनी शिंदे ज्या परंपरेतून आल्या, तीच. राज्यस्तरावर जाण्याआधीच भारतीय संघाच्या तोडीची शाळा समोर येते. एका अर्थाने दुर्दैव. दुसऱ्या अर्थाने असे सामने देशात फार थोड्या मुलींच्या वाट्याला येतात.

इथे पुन्हा १७५-१८ कडे येऊ. दक्षिण कोरियाच्या मुली या खेळात तुलनेने नवख्या होत्या. त्यांच्यावर १७५ गुण मिळवणाऱ्या भारतीय संघाला त्या सामन्यात काहीच शिकायला मिळाले नाही. धाराशिवच्या मुलींना मात्र पुणे, ठाणे, सांगली, मुंबई उपनगर, आणि विभागात नांदेड-लातूरच्या संघांशी झालेल्या प्रत्येक सामन्यात काही ना काही शिकावे लागले. राष्ट्रीय संघ त्याच्या देशांतर्गत पराभूतांनी घडवलेला असतो. त्यांची नावे कोणी लिहीत नाही.

‘सर्वांना हरवतो तोच श्रेष्ठ, मग तक्रार कसली?’ असा प्रतिवाद होऊ शकतो. कबड्डीने त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. महिला कबड्डी २०१० पासून आशियाई क्रीडा स्पर्धांत आली. २०१० आणि २०१४ ही दोन्ही सुवर्णपदके भारताची. मग २०१८, जकार्ता, अंतिम सामना: इराण २७, भारत २४. इराणच्या संघाच्या प्रशिक्षिका होत्या नाशिकच्या शैलजा जैन. एका मराठी स्त्रीने परक्या भाषेच्या मुलींना खेळ शिकवून भारताला हरवले. त्या दिवशी काहींना हा राष्ट्राचा अपमान वाटला. प्रत्यक्षात महिला कबड्डी आंतरराष्ट्रीय खेळ झाला तो त्याच दिवशी. पुढच्या खेपेस हांग्चौमध्ये भारताने चायनीज तैपेईला २६-२५ असे हरवून सुवर्ण परत मिळवले, तेव्हा त्या एका गुणासाठी देश श्वास रोखून बसला होता. १७५-१८ साठी कोणी श्वास रोखला नव्हता.

खो-खोला अजून आशियाई क्रीडा स्पर्धांचे दार उघडलेले नाही. ते उघडायचे असेल तर दिल्लीत २३ देशांचे झेंडे लावणे ही सुरुवात म्हणून ठीक. पण खरे काम शैलजा जैन यांनी केले तसले आहे. सारिका काळेच्या पिढीतल्या दहा-वीस मुली नेपाळ, बांगलादेश, दक्षिण आफ्रिका, केनिया अशा देशांत प्रशिक्षक म्हणून गेल्या आणि त्यातल्या एखादीच्या संघाने भारताला हरवले, तर ती या खेळाच्या इतिहासातली १९१४ नंतरची सर्वांत मोठी घटना ठरेल. नोकरी देताना आणि पुरस्कार देताना शासनाने हा विचार करायला हरकत नाही. महासंघाने लीग काढली ती २०२२ मध्ये, पुरुषांसाठी. महिलांचा संघ विश्वविजेता झाल्यावर तरी त्यांच्या लीगला प्राधान्य मिळावे, एवढी अपेक्षा रास्त आहे.

आणि म्हणूनच नेपाळचे ४० गुण. विश्वचषकाच्या नियमांत प्रत्येक पाळी सात मिनिटांची, प्रत्येक गडी बाद केल्यास दोन गुण, आणि संरक्षक तुकडी तीन मिनिटे टिकली की ‘ड्रीम रन’चा एक गुण, पुढे दर तीस सेकंदांना आणखी एक. अंतिम सामन्यात भारताने पहिल्या पाळीत आक्रमणात ३४ गुण घेतले, म्हणजे सतरा गडी, नेपाळ शून्यावर. तिथे सामना संपला असे वाटले. पण दुसऱ्या पाळीत नेपाळच्या आक्रमकांनी २४ गुण काढले, आणि भारतीय संरक्षकांच्या वाट्याला ड्रीम रनचा फक्त एक गुण येऊ दिला. ३५-२४. अकरा गुणांचे अंतर, निम्मा सामना शिल्लक. या स्पर्धेत भारतीय मुलींना प्रथमच कोणीतरी मागे पाहायला लावले होते. तिसऱ्या पाळीत भारताने ७३ पर्यंत मजल मारली, आणि चौथ्या पाळीत चैत्राच्या तुकडीने पाच मिनिटांहून अधिक काळ नेपाळला झुंजवून ड्रीम रनचे पाच गुण जोडले. ती तुकडी इतका वेळ पळाली, कारण पाठलाग करणाऱ्या मुली पळवण्याच्या लायकीच्या होत्या.

तरुण इतिहासप्रेमींसाठी यात एक काम आहे, आणि त्याला दिल्लीला जावे लागत नाही. खो-खोचे गुणपत्रक हे विलक्षण दस्तऐवज असते. कोणती खेळाडू किती मिनिटे, किती सेकंद पळाली, कोणी कोणाला कसे बाद केले, हे सर्व त्यात हाताने लिहिलेले असते. लोहा, कंधार, उदगीर, अहमदपूर, औसा, उमरगा अशा गावांतील निवृत्त क्रीडाशिक्षकांच्या घरी, शाळांच्या माळ्यावर, पंचांच्या ट्रंकेत १९७० आणि ८० च्या दशकांतली अशी पत्रके वाळवीची वाट पाहत पडलेली असणार. ती मोबाइलवर टिपून ठेवायला पैसे लागत नाहीत. त्यात विभागीय स्पर्धेत हरलेल्या संघांतल्या मुलींची नावे मिळतील, लग्नाआधीच्या आडनावांसह. त्यातल्या बऱ्याच जणी आज आजी असतील, आणि आपण एकदा धाराशिवविरुद्ध दोन मिनिटे चाळीस सेकंद पळालो होतो हे त्यांना नीट आठवत असेल.